दाबणारा आणि सोसणारा

गेल्या महिन्यांत आमच्या परसांत एक अपघात होतां होतां टळला. दोष आमचा होता. तो पुतण्याच्या माथीं मारून मोकळें होणें आम्हांस सहज शक्य होतें, म्हणूनच तो येथें सांगून टाकणें बरें. ज्यांच्या घरीं यंत्रांचा नाद असलेलीं मुलें आहेत, त्या वडील मंडळींस ही हकीकत कदाचित् उपयोगी पडेल.

आमच्या गांवांत एक वृद्ध लोहार आहेत. विळे, कुऱ्हाडी, कुदळी घडवून त्यांनीं जन्म काढला. आतां त्यांचा उजवा खांदा वर जात नाहीं, आणि घण मारावयास मनुष्य मिळत नाहीं. आमचा धाकटा पुतण्या लहानपणापासून त्यांच्या भट्टीपाशीं रमलेला. पुढें त्यानें यंत्रशास्त्राची पदविकाही घेतली. घणाचें काम करील असें दाबयंत्र, ज्यास कारखान्यांत हायड्रॉलिक प्रेस म्हणतात, तें घरींच तयार करावें असें त्याच्या मनानें घेतलें. "काका, गणित तेवढें तुम्ही तपासून द्या," असें म्हणून त्यानें वही आमच्यापुढें ठेवली.

आम्ही मूळचे संस्कृताचे. परंतु लहान शाळेंत मास्तरास सर्वच विषयांशीं सोयरीक ठेवावी लागते. फ्रेंच पंडित पास्कल याचा नियम आम्हीं तीस वर्षें फळ्यावर शिकविला होता. कोंडलेल्या द्रवास एके ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखाच पोहोंचतो. म्हणून लहान पंपानें दिलेला दाब मोठ्या दट्ट्यावर पडला कीं क्षेत्रफळाच्या मानानें जोर वाढतो. वहींत दट्ट्याचा व्यास साडेबारा सेंटिमीटर धरला होता, म्हणजे क्षेत्रफळ सुमारें १२३ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरास २०० किलोग्रॅम ठेविला तर जोर साडेचोवीस टनांच्या घरांत जातो. आम्हीं गुणाकार पडताळला, 'बरोबर' अशी खूण केली आणि वही परत दिली. मागील पानावर चौकटीची आकृति होती. तें पान आम्हीं उलटलें नाहीं.

भंगारांत मिळालेले १०० मिलिमीटर उंचीचे दोन लोखंडी चॅनेल वर तुळई म्हणून घातले होते. दोन खांबांमधील अंतर ५० सेंटिमीटर. पहिल्या चांचणीस लोहारबुवांनीं पिवळा झालेला तुकडा सांडशींत धरला, पुतण्यानें दांडा ओढला. दाबमापकाचा कांटा १५० वर जातो न जातो तोंच वरची तुळई धनुष्यासारखी वांकली, दट्ट्या तिरका झाला, आणि उंची भरून काढण्यासाठीं खालीं सुटा ठेविलेला लोखंडी ठोकळा सणाणत निघाला. बुवांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावरून तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर आदळला. वहिनी धांवत बाहेर आल्या, मुलाकडे पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें. बोलल्या कांहीं नाहींत.

बुवा मात्र शांत होते. ते म्हणाले, "मास्तर, घण मारनाऱ्याकडं समदे बघत्यात. ऐरणीकडं कोन बघत न्हाई. पर ऐरण हलली, की घणाचं काय चालतंय?"

शास्त्रग्रंथांनीं आम्हांस जें शिकविलें होतें आणि आम्हीं जें मुलांस शिकविलें होतें, तेंच हें. दट्ट्या जितक्या जोरानें लोखंडास खालीं दाबतो, तितक्याच जोरानें तो तुळईस वर लोटतो. आम्हीं दाबणाऱ्याचा हिशेब पाहिला, सोसणाऱ्याचा पाहिला नाहीं. त्या रात्रीं आम्ही काका-पुतणे दिव्याखालीं पुन्हां बसलों. मध्यावर पडलेल्या जोरास अंतरानें गुणून चारानें भागलें कीं तुळईस वांकविणारें बळ येतें. त्यास त्या दोन चॅनेलांच्या वांकप्रतिकारानें भागलें तेव्हां दर चौरस सेंटिमीटरास चार हजार किलोग्रॅमहून अधिक ताण निघाला. साधें पोलाद अडीच हजारांच्या सुमारासच कायमचें वांकतें. चौकट वांकली हें नवल नव्हे. न वांकती तरच नवल.

तेच चॅनेल २०० मिलिमीटर उंचीचे घेतले, तर वजन अडीचपटीहून कमी वाढतें, पण वांकप्रतिकार जवळजवळ पांचपट होतो, आणि ताण साडेआठशांच्या आसपास उतरतो. तुळईचें बळ जाडीपेक्षां उंचीवर अधिक अवलंबून असतें, हें सूत्र घरच्या कारागिरानें गांठीं बांधावें. चौकट दोन्ही बाजूंस खांब असलेली बंद असावी. एका बाजूस उघडी ठेविली तर दाबाखालीं ती तोंडासारखी उघडूं पाहते. खांबांवर मात्र येथें ओझें नसून ओढ असते, प्रत्येकी सुमारें सव्वाबारा टन. ती सारी वेल्डिंगच्या सांध्यावर न सोडतां जाड पिनांनीं पेलावी. ओतीव लोखंड चौकटीस वापरूं नये. तें वांकून सूचना देत नाहीं, एकदम फुटतें.

कोल्हापूरचें उद्यमनगर आम्हांस जवळ. तेथें नवे चॅनेल, पंप व नळ्या मिळाल्या. पंप दोन टप्प्यांचा घेतला. तापलेलें लोखंड थंड साच्यास टेकलें कीं झपाट्यानें निवतें, म्हणून दट्ट्यानें वेगानें खालीं यावें आणि अंग टेकल्यावरच सावकाश पण पुरा जोर लावावा. हातानें चालविण्याचा जॅक येथें निरुपयोगी. तो दहादां हलवेपर्यंत तुकडा काळा पडतो. जादा दाब सोडून देणारी झडप पंपालगत बसविली, आणि तिचा स्क्रू कोणीं फिरवूं नये म्हणून तीस टोपण घालून कुलूप लाविलें. सुटा ठोकळा एकही ठेविला नाहीं. दोन्ही साचे बोल्टांनीं आवळले.

एक सूचना वडील मंडळींनीं मुलांस बजावून सांगावी. नळीस टांचणीएवढें छिद्र पडलें तरी त्यांतून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आंत शिरते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, प्रथम दुखतही नाहीं; परंतु ताबडतोब शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात जाण्याची पाळी येते. गळती हातानें कधीं चांचपूं नये; पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावें. तेलाचा फवारा भट्टीकडे गेला तर पेट घेतो, म्हणून नळ्या पोलादी जाळीच्या, वर वेष्टण घातलेल्या आणि विस्तवापासून दूर असाव्यात.

हें यंत्र ज्यानें प्रथम व्यवहारांत आणिलें त्या जोसेफ ब्रामा याचीही अडचण अशीच होती. शेतकऱ्याचा हा मुलगा पायास दुखापत झाल्यामुळें सुतारकाम शिकला, आणि १७९५ मध्यें त्यानें दाबयंत्राचा हक्क नोंदविला. जोर निर्माण करणें त्यास कठीण नव्हतें. दट्ट्याच्या कडेनें पाणी निसटे, तें रोखणें कठीण होतें. अखेर चामड्याच्या वाटीसारख्या पट्टीनें तें काम केलें. दाब वाढे तसतशी ती अधिकच घट्ट बसे. ही युक्ति त्याचा सहकारी हेन्री मॉड्स्ले याची, असें सांगतात. तेथेंही यश आलें तें सोसणारा भाग नीट साधला तेव्हांच.

नवी चौकट उभी राहिली. आधीं तिच्यांत थंड पोलादाचा जाड ठोकळा घालून, सर्वांस भिंतीआड उभें करून, पुरा दाब दिला आणि तुळईवर ताणलेल्या दोऱ्यानें वांक मोजला. दाब सोडतांच ती पूर्ववत् सरळ झाली. मगच भट्टी पेटविली. बुवांनीं डाव्या हातानें दांडा ओढला. घणाचा दणका नाहीं, ठिणग्यांची आतषबाजी नाहीं. कणीक दाबावी तसा तुकडा पसरला. घणाचा घाव बराचसा वरच्या थरांतच जिरतो. सावकाश दाब गाभ्यापर्यंत पोहोंचतो, असें पुतण्या सांगत होता. बुवांनीं कुऱ्हाडीचें पातें वर धरून न्याहाळलें आणि "खांद्याला सुटी झाली," एवढेंच म्हणाले. आतां तें यंत्र त्यांच्याच भट्टीपाशीं आहे.

चांचणीच्या सकाळीं वहिनींनीं आम्हांस चहा दिला तेव्हां विचारलें होतें, "भावोजी, ह्या वेळीं मागचें पान उलटलंत ना?" आम्हीं वही त्यांच्यासमोर धरली. घरांतील एखाद्याच्या अंगीं किती जोर आहे हें आपण कौतुकानें पाहतों. तो जोर कोण पेलून धरितो, हें मागील पानावर लिहिलेलें असतें. असो.