कुत्रा घेताय? आधी स्पेसिफिकेशन वाचा!

आपल्या पेणमध्ये घरचा गणपती ठरवताना आपण किती चोखंदळ असतो! उंची किती, आसन कोणतं, पितांबराचा रंग कोणता, डोळ्यांची आखणी कशी... दोन-दोन महिने आधी कारखान्यात चकरा सुरू. आणि हा पाहुणा राहणार दीड, पाच, फार तर दहा दिवस. पण जो प्राणी बारा-पंधरा वर्षं घरात राहणार, तो मात्र आपण मोबाइलवरचा एक फोटो बघून पाच मिनिटांत ठरवतो. याला काय म्हणायचं?

सध्या ‘देशी ब्रीड’ची हवा आहे. इंग्लंड-आयर्लंडमध्ये ग्रेहाउंडसारख्या वेगवान कुत्र्याचा दुसऱ्या कामकरी जातीशी संकर करून ‘लर्चर’ तयार करतात. त्याच सडपातळ धाटणीचा आपला कुत्रा म्हणजे दख्खनच्या माळावरचा कारवान. कर्नाटकात यालाच मुधोळ म्हणतात. २००५ मध्ये टपाल खात्याने चार देशी जातींवर तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. पुढे सैन्यानेही त्याला प्रशिक्षण दिलं. २०२० मध्ये ‘मन की बात’मध्ये त्याचं नाव आलं आणि मग काय, जो तो म्हणतो, "मला पण एक पाहिजे!"

कुत्रा भारीच आहे, वादच नाही. प्रश्न त्याचा नाही, आपला आहे. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर हे सगळं डिझाइन उघड्या माळावर ससा गाठण्यासाठी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती शिकार बंद झाली, म्हणजे काम गेलं, पण पाय तेच राहिले! हलणारी वस्तू दिसली की हा सुटला. मग तुम्ही कितीही हाका मारा. आता पेणला मुंबई-गोवा हायवे, रोह्याला धाटाव एमआयडीसीचे ट्रक, आणि जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. हा पळणार कुठे? वन बीएचकेच्या पॅसेजमध्ये? टेबल फॅनला ट्रकचं इंजिन लावण्यातला प्रकार आहे हा! ज्याची कुंपणाची वाडी आहे आणि घरी दिवसभर माणूस आहे, त्याने खुशाल घ्यावा. तोही नोंदणी असलेल्या ब्रीडरकडून, पिल्लाची आई बघून. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे, हेही लक्षात ठेवा.

आपल्यासारख्या बाकीच्यांसाठी माझं स्पष्ट मत आहे : गल्लीतला गावठी कुत्रा घ्या, आणि शक्यतो मोठाच घ्या. पिल्लू म्हणजे न लागलेला रिझल्ट. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव मात्र समोर दिसतो. चार-पाच दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊन नुसतं शेजारी बसा. तो आपणहून जवळ येतो का? खाताना कुणी जवळ गेलं तर गुरगुरतो का? बाईकमागे धावतो का? लहान मुलांना घाबरतो का? कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे असं समजा. मग तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन तपासणी आणि रेबीजची लस, पुढे दरवर्षी बूस्टर. आपल्या पावसात गोचीड आणि लेप्टो दोन्हींची भीती, त्याबद्दलही डॉक्टरांना विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हॉस्टेलवाल्यांनो, राग मानू नका, पण तुम्ही कुत्रा घेऊच नका. फर्स्ट इयरला आणलेलं पिल्लू फायनल इयरला चार वर्षांचं होतं. तुमचं प्लेसमेंट बंगलोरला, आणि त्याचं? मेसच्या दारात! रूमवर झोपायची सवय लागलेल्या कुत्र्याला पुन्हा रस्त्यावर जगता येत नाही हो.

त्यातच ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की कॉलेज, हॉस्पिटल, बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा आवारांतली भटकी कुत्री हलवून, नसबंदी-लसीकरण करून शेल्टरमध्ये ठेवावीत आणि परत तिथेच सोडू नयेत. कुणाला हा निर्णय पटेल, कुणाला नाही. चावा बसलेल्या पोराची बाजूही खरी आहे. पण एवढं नक्की की कँटीनबाहेर बिस्किटं टाकून आपली जबाबदारी संपत नाही. त्या कुत्र्याला कायमचं घर मिळणं हाच त्याच्यासाठी सर्वांत चांगला मार्ग.

म्हणून हॉस्टेलवाल्यांनी पालक न होता मध्यस्थ व्हावं. आपल्यात पेण, रोहा, नागोठणे, वडखळहून रोज अप-डाऊन करणारी किती तरी मुलं आहेत. त्यांच्या घरी अंगण आहे, आजी-आजोबा आहेत. लसीचे पैसे वर्गणीने जमवू. फक्त एक अट : आधी घरच्यांना विचारा, कारण सबमिशनच्या आठवड्यात त्याला भात-दूध तुम्ही नाही, आईच घालणार आहे!

बघा, पटतंय का.