लोणारचं वय किती?

सातवीच्या वर्गाला मोबाइल देऊन विचारा, ‘लोणार सरोवराचं वय किती?’ अर्धी मुलं लिहितील सुमारे ५२ हजार वर्षं, उरलेली लिहितील ५ लाख ७० हजार. दोन्ही उत्तरं इंटरनेटवरचीच. अशा वेळी बरोबर उत्तर फळ्यावर लिहून तास आटोपता येतो. पण शिकण्यासारखं जे आहे, ते या दोन आकड्यांच्या मधेच आहे.

दोन्ही आकडे शास्त्रज्ञांनीच काढलेले. हे सरोवर घडवणाऱ्या उल्काघातात वितळून थिजलेला खडक पुन्हा तापवला, की त्यातून मंद प्रकाश निघतो. त्यावरून पहिला आकडा आला. दुसरा पुढे, तशाच खडकातल्या अरगॉन वायूच्या मोजणीवरून. कोणी मोजलं, कशावरून, कधी, असं मुलं विचारू लागली, की उतरवून काढण्याची सोय संपते आणि डोकं चालवावं लागतं.

या चौकशीला शिस्त लावणारी पद्धत अमेरिकेतल्या सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीतले बर्नी डॉज यांनी टॉम मार्च यांच्या साथीने १९९५ मध्ये मांडली. नाव ‘वेबक्वेस्ट’. गूगलचा तेव्हा पत्ताही नव्हता. प्रस्तावना, काम, टप्पे, निवडक संदर्भ, मूल्यमापन, समारोप असा तिचा आराखडा. मेख दोन ठिकाणी आहे. लिंक शिक्षकांनी आधी वाचून, पारखून द्यायच्या. आणि काम असं हवं, की नुसती माहिती गोळा करून ते पुरं होऊ नये.

उदाहरणार्थ, जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. चौघांचा गट करा. एकीने नासाची उपग्रह छायाचित्रं पाहावीत, एकाने पाण्याची पातळी घटली की खारटपणा कसा वाढतो ते शोधावं, तिसरीने खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवणारा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा निष्कर्ष वाचावा, चौथ्याने गावकऱ्यांच्या शंका मांडाव्यात. मग चौघांनी मिळून ग्रामपंचायतीला एक पानाचं निवेदन लिहावं: घाबरावं की नाही, आणि का. हे पान कुठल्याही संकेतस्थळावर आयतं मिळत नाही.

आपल्याकडे ‘प्रकल्प’ म्हणजे अजून बऱ्याच घरी दुकानातून आणलेली चित्रं, झेरॉक्सवाल्याकडची प्रिंटआउट आणि आईचं अक्षर! आता त्यात चॅटबॉटची भर पडली आहे. तो पुष्कळदा दोन आकड्यांतलं भांडण परस्पर मिटवून एकच गुळगुळीत वाक्य हाती ठेवतो. म्हणून तर भांडण मुलांसमोर मांडणारा शिक्षक आज अधिक हवा. त्याची अडचणही खरी आहे. मराठीत विश्वकोश ऑनलाइन आहे, पण मुलांना झेपेल असं भरवशाचं साहित्य तुटपुंजंच. एका फोनवर अख्खा वर्ग चालवायचा, तर निवडलेली पानं छापूनच द्यावी लागतात. तेवढ्याने काही बिघडत नाही. प्रश्न चांगला असला म्हणजे झालं.

यंदाच्या अंकात शिक्षक-लेखकांनी असेच उपक्रम लिहिले आहेत. सुट्टीत मुलांनी यातला एखादा करून पाहावा. आमच्याच अंकातली एखादी चूक त्यांनी पुराव्यानिशी पकडली, तर जरूर कळवा. पुढच्या अंकात ठळक छापू.

शुभ दीपावली!

— संपादक