पाणी वाचवा, हे कुणाला सांगताय?

शाळेच्या भिंतीवर ‘पाणी वाचवा’, ‘झाडे लावा’ अशा घोषणा रंगवलेल्या आपण सगळ्याजणींनी पाहिल्या आहेत. हवामान बदलही आता अभ्यासात आला आहे. कारणं लिहा, परिणाम लिहा, उपाय लिहा. पण हे सगळं शिकताना मुलामुलींना काय वाटतं, हा प्रश्न कोणत्याच पेपरात येत नाही.

वढू बुद्रुकसारखं भीमेकाठचं गाव घ्या. नदी जवळ आहे, म्हणजे काळजी नाही, असं बाहेरच्याला वाटेल. पण याच शिरूर तालुक्यात पाबळ-केंदूरकडची गावं वर्षानुवर्षं पाण्यासाठी झगडत आली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात शिरूर आणि दौंड दोन्ही होते. आणि मे २०२५ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, दौंड-बारामतीकडे शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली. दोन वर्षांच्या आत ही दोन्ही टोकं पाहिलेली मुलं आज वर्गात बसली आहेत. त्यांना ‘परिणाम लिहा’ एवढंच सांगायचं?

२०२१ साली ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. भारतही त्यात होता. ५९ टक्के तरुणांना हवामान बदलाची फार काळजी वाटत होती. ४५ टक्क्यांहून अधिक जण म्हणाले, याचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. मात्र ही पाहणी इंटरनेटवरून झाली. घरातला एकुलता मोबाईल भावाच्या हातात असलेली मुलगी त्यात कुठून येणार?

तिची भीती वेगळी आहे. पाऊस गेला की तिच्या मनात येतं, यंदा शाळा सुटणार का? आईबरोबर मजुरीला जावं लागणार का? की लग्नच उरकून टाकतील? २०१५ च्या दुष्काळात लातूर जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने एसटीच्या पासाला घरात पैसे नाहीत म्हणून जीव दिला. त्यानंतर सरकारने दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना पास मोफत केला. तिच्या मनात काय चाललंय, हे त्याआधी कुणी विचारलं होतं का?

आणि अशा मुलीला आपण सांगतो, पाणी वाचव! जी हंडे वाहते तिलाच. ऊस कुणाचा, कारखाने कुणाचे, हा प्रश्न वर्गाबाहेरच राहतो. भीती होतीच, वर अपराधीपणाही तिच्याच पदरात पडतो.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. मी धाकट्याला कडेवर घेऊन कामाशेजारी बसायची. त्या वर्षी माझी शाळा सुटली. मला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. पण हातोडा चालवता चालवता बायका एकमेकींशी बोलायच्या. पोटातली भीती बोलून दाखवल्यावर तिचा राग झाला, रागाची मागणी झाली. गावोगावी मोर्चे निघाले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, त्यामागे हा रेटा होता.

म्हणून मला वाटतं, मुलींची भीती हा काही आजार नव्हे. ‘घाबरू नका, सगळं ठीक होईल’ असं म्हणून ती गप्प करू नये. आठवड्यातला एक तास बाईंनी फळा बाजूला ठेवून नुसतं ऐकावं. उत्तर माहीत नसलं तरी चालेल, तसं सांगावं. मुली वेगळ्या बसून मोकळं बोलतील. मुलांनाही रडू येतं, तेही बोलू द्यावं. मग सगळ्यांनी मिळून गावच्या पाण्याचा नकाशा काढावा. पाणी कुठून येतं, कुठे जातं, कोण भरतं?

तो नकाशा घेऊन मुलींनी महिला सभेत यावं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावरच उरकते. ती खरी भरवणं आपल्या हातात आहे.

आपल्या गटांची सुरुवातही अशीच झाली होती. चार बायका बसल्या आणि बोलल्या. आता मुलींसाठी जागा करू या. तुमच्या गावच्या शाळेत असा तास घेऊन पाहा आणि काय झालं ते आम्हाला जरूर कळवा.