सेवेलाही बारा महिने हवेत

खाडीकाठ । साप्ताहिक सदर
सहवासी

३१ डिसेंबरच्या रात्री मध्य रेल्वे सीएसएमटीहून कल्याणसाठी जादा लोकल सोडते. मरीन ड्राइव्ह आणि गेटवेवर नवं वर्ष साजरं करून परतणाऱ्यांची ती सोय. त्याच रात्री ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत आणखी एक गर्दी घराबाहेर पडते, तिची बातमी सहसा होत नाही. दहाच्या सुमारास ठेवणीतले कपडे घातलेली कुटुंबं रिक्षा शोधत असतात. आजीच्या पिशवीत बायबल आणि ‘उपासना संगीत’ असतं, नातवंडं अर्धवट झोपेत असतात. कुणाची मंडळी दगडी चर्चमध्ये जमते, कुणाची शाळेच्या हॉलमध्ये, तर कुणाची भाड्यानं घेतलेल्या गाळ्यात. गीतं होतात, सरत्या वर्षाच्या साक्षी होतात. कुणी आजारातून उठलेलं असतं, कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते, कुणी घरातलं माणूस गमावूनही आभार मानायला उभं राहिलेलं असतं. बारा वाजताना सगळी मंडळी गुडघ्यांवर असते. मग दिवे, शुभेच्छा, केक, चहा आणि प्रत्येकाच्या हाती वर्षाच्या वचनाची एक चिठ्ठी.

कॅथलिक बांधवांकडे या रात्री आभाराची मिस्सा असते. १ जानेवारीला देवमाता मरियेचा सण असतो, आणि पोप सहावे पॉल यांनी १९६८ पासून हाच दिवस जागतिक शांतता दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. मराठी, कोकणी, मल्याळम, तमिळ, इंग्रजी अशा अनेक भाषांत ती प्रार्थना आपल्या या शहरांमधून होते.

मी या गर्दीतलाच आहे आणि या आठवड्यात माझ्याच माणसांशी बोलतो आहे. माझं म्हणणं एवढंच: या रात्रीच्या निमित्तानं आपण पुढच्या वर्षाची सेवा वाटून घेतली पाहिजे. महिन्यांनुसार, नावांनुसार, सगळ्या मंडळीसमोर.

डिसेंबरमध्ये आपण काय करतो ते पाहू. तरुण संघ गाणी घेऊन घरोघर जातो. महिला मंडळ करंज्या आणि कलकल करतं. वृद्धाश्रमात फळं जातात, रुग्णालयात बिस्किटं जातात, फलाटाबाहेर झोपणाऱ्यांना चादरी जातात. हे सगळं मनापासून होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण नाताळच्या आठवड्यात एकाच वृद्धाश्रमात तीन-तीन गट पोचतात, आणि फेब्रुवारीत तिथं कुणी फिरकत नाही. संस्था चालवणाऱ्यांना विचारा. डिसेंबरमध्ये केक ठेवायला जागा नसते आणि जुलैत सोबत बसायला माणूस नसतो.

गरज आपलं कॅलेंडर पाहून येत नाही, तिचं स्वतःचं कॅलेंडर असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाला कोपरा नसतो. मे महिन्यात महाविद्यालयं बंद असतात, माणसं गावी जातात, रक्तदान शिबिरं थांबतात आणि रक्तपेढ्यांत तुटवडा होतो. त्याच महिन्यात पाण्याची टंचाई वाढते. जूनमध्ये शाळा उघडतात, वह्या-पुस्तकं, गणवेश आणि फी एकदमच समोर येतात. जुलै ते सप्टेंबर डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोचे महिने. तेव्हा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर रुग्णालय इथं खेड्यापाड्यातून आलेल्या नातेवाइकांना केसपेपर कुठं काढायचा हे सांगणारं माणूस हवं असतं. शहापूर-मुरबाडकडून आलेल्या बाईला फळांच्या पिशवीपेक्षा त्या माणसाचा उपयोग जास्त होतो.

हे काम एकट्यादुकट्याच्या नववर्षसंकल्पानं होत नाही. आपण संकल्प एकेकटे करतो आणि एकेकटेच विसरतो. वर्षअखेरच्या या जागरणाचा इतिहास मात्र सामुदायिक शब्दाचा आहे. १७३३ साली जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोरेव्हियन मंडळीनं वर्षाच्या अखेरीस असं जागरण सुरू केलं. पुढे जॉन वेस्ली यांनी १७५५ साली लंडनमध्ये कराराच्या नूतनीकरणाची उपासना घेतली. देवाला दिलेला शब्द सगळ्यांनी उभं राहून, एकत्र, पुन्हा देण्याची. मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये ती वर्षाच्या आरंभी घ्यायचा प्रघात पडला. आणि ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री अमेरिकेतले कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोक प्रार्थनेत जागे राहिले, कारण दुसऱ्या दिवशी लिंकन यांची गुलाममुक्तीची घोषणा अमलात येणार होती. त्यांच्यात स्वतः मुक्त असलेलेही होते, आणि ते बेड्यांतल्या भावाबहिणींसाठी जागत होते. आपली बाराची प्रार्थना या परंपरेतली आहे. तिच्यात शेजाऱ्याचं नाव नसेल, तर ती अपुरी राहते.

आपल्या मातीतही याची मुळं खोल आहेत. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मस याने पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘कॅलियाना’ या गावी ख्रिस्ती बिशप असल्याचं लिहून ठेवलं आहे. अनेक अभ्यासक हे गाव म्हणजे कल्याण असं मानतात. चौदाव्या शतकात ओडोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्याला आला, तेव्हा इथं पूर्वेकडच्या सिरियन परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं असल्याची नोंद त्यानं केली. त्याच्या आधी, १३२१ साली, चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्यात उतरले होते. रोमच्या दृष्टीनं ही पंधरा घरं परक्या पंथाची. तरी त्यांच्यातल्याच एका घरानं या अनोळखी पाहुण्यांना आसरा दिला. ते संन्यासी ठाण्यातच मारले गेले आणि इतिहासात त्यांची नावं राहिली. घर उघडणाऱ्या कुटुंबाचं नाव कुणी फारसं घेत नाही. ठाण्याच्या ख्रिस्ती मंडळीची वंशावळ मी त्या कुटुंबापासून मोजतो.

नंतर पोर्तुगीज आले, मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च उभं राहिलं. इंग्रज आले, १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी सेंट जेम्स चर्चचं अर्पण केलं. रेल्वे १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोचली आणि रेल्वेच्या नोकऱ्यांबरोबर नवी माणसं आली. नगर, जालना, मिरज, पुणे भागातून मराठी ख्रिस्ती कुटुंबं शिक्षकी, परिचारिकेचं काम, कारखान्यातली नोकरी धरून या पट्ट्यात स्थिरावली. केरळातून इतकी माणसं आली की १९८८ मध्ये कल्याण हे सिरो-मलबार धर्मप्रांताचं केंद्र झालं. पंधरा घरं ज्या पूर्वेकडच्या परंपरेतली होती, तिचीच एक शाखा साडेसहा शतकांनी त्याच खाडीकाठी पुन्हा रुजली. आपण सगळे इथं कधी ना कधी पाहुणे होतो. म्हणून दार उघडणं हे आपलं पहिलं कर्तव्य ठरतं.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला शब्बाथ शाळेपासून आपल्याला पाठ असतो. तो जखमी माणसापाशी थांबला, त्यानं जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं. आपण गोष्ट इथं थांबवतो. पण येशूनं ती पुढे नेली आहे. दुसऱ्या दिवशी शोमरोन्यानं उतारशाळेच्या रखवालदाराला पैसे दिले, सांभाळायला सांगितलं आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असा शब्द दिला. दाखल्याचा कस मला या परत येण्यात दिसतो. वाटेत थांबायला एका क्षणाची करुणा पुरते, परत यायला नियोजन लागतं. आपली डिसेंबरची सेवा वाटेत थांबणारी आहे. तिला परत यायला शिकवायचं आहे.

हे जमतं, आणि मराठी ख्रिस्ती माणसांनीच ते करून दाखवलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला गेले. औषधांची पेटी घेऊन शिबिर उरकून ते परत आले नाहीत, तिथंच राहिले. लोकांना आधी पाणी आणि अन्न हवं आहे हे त्यांनी ऐकून घेतलं आणि तिथून सुरुवात केली. गावातल्याच बायकांना, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवलं. बाळंतपण, लसीकरण, कुपोषण, कुष्ठरोग हे सगळं त्या बायकांनी हाताळलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण जामखेडचं मोठेपण त्या बायकांनी वर्षानुवर्षं नेमानं मारलेल्या घरोघरच्या फेऱ्यांत आहे.

दुसरं उदाहरण वसईचं, जी २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत वसईचं पाणी, झाडं आणि शेती वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं झुंज दिली. ती विहिरींची लढाई होती, आणि विहिरीचं पाणी ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सगळ्यांच्या घरी जातं. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा महाराष्ट्रानं एका धर्मगुरूला आपला मानलं. त्यामागे त्यांच्या लेखणीबरोबर ही शेजारधर्माची वर्षंही होती.

इथं एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ख्रिस्ती माणसानं मदतीचा हात पुढे केला की काहींच्या मनात शंका येते: याच्या बदल्यात काय मागणार? या शंकेला रागानं उत्तर देऊन उपयोग नाही, आपल्या कामाच्या रीतीतून तिला उत्तर मिळालं पाहिजे. ज्याला मदत करायची, त्याच्याकडून काहीही मागायचं नाही, उपासनेला येण्याचं निमंत्रणसुद्धा त्या वेळी नको. घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. आणि शक्य तिथं काम शेजाऱ्यांबरोबर करायचं. डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थाननं १९९९ मध्ये गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू केली आणि ती प्रथा महाराष्ट्रभर पसरली. एका देवस्थानानं ठरवलं तर सगळं गाव एका सकाळी रस्त्यावर येतं, हे आपण फडके रोडवर पाहिलं आहे. जे संघटन एका सकाळसाठी होऊ शकतं, ते मे महिन्यातल्या रक्तदानासाठी मंदिर, मशीद, बुद्धविहार आणि चर्च मिळून का होऊ नये? या शहरांत तशी माणसं आहेत, फक्त कुणीतरी पहिलं पत्र लिहायला हवं. ते आपण लिहू.

माझ्या सूचना चार आहेत.

पहिली, येत्या रविवारी दानार्पणाच्या वेळी बारा महिन्यांचा एक तक्ता फिरवा. प्रत्येक महिन्यापुढे एक काम आणि ते घेणारा गट: महिला मंडळ, तरुण संघ, गायकवृंद, शब्बाथ शाळेचे शिक्षक. फेब्रुवारीत चर्चचा हॉल संध्याकाळी अभ्यासिकेसाठी उघडा, वस्तीतल्या कुठल्याही मुलासाठी. मे महिन्यात रक्तदान, जूनमध्ये वह्या-पुस्तकं, जुलै ते सप्टेंबर रुग्णालयात वाट दाखवणारे स्वयंसेवक, तेही रुग्णालयाच्या परवानगीनं आणि सांगतील त्या वेळेत.

दुसरी, पैशांच्या अर्पणाबरोबर तासांचं अर्पण घ्या. कल्याणहून मुंबईला रोज लोकलनं जाणाऱ्या माणसाकडे वेळ नसतो, हे मला ठाऊक आहे. पण महिन्यातून दोन तास शंभर माणसांनी दिले तर ते दोनशे तास होतात. एकट्याला न पेलणारं ओझं मंडळीला पेलतं. मंडळी असते ती त्यासाठीच.

तिसरी, आपल्यातल्या एकाकी माणसांची यादी करा. घोडबंदर रोडच्या आणि डोंबिवलीच्या नव्या इमारतींत आपली कितीतरी वयस्क माणसं एकटी राहतात. मुलं आखातात, ऑस्ट्रेलियात, पुण्यात. पूर्वी रेल्वेच्या चाळीत पाळकसाहेब एका संध्याकाळी दहा घरं करत. आता सुरक्षारक्षक, लिफ्ट आणि अंतर यांत ती भेट हरवली. प्रत्येक वृद्धामागे मंडळीतलं एक कुटुंब नेमा. आठवड्यातून एक फोन आणि महिन्यातून एक भेट, दवाखान्यात जायचं असेल तर सोबत. बाहेरच्या जगाची सेवा करताना तिसऱ्या बाकावरची रिकामी जागा आपल्या लक्षात आली पाहिजे.

चौथी सूचना सगळ्यांत अवघड आहे. पुढच्या ३१ डिसेंबरला साक्षी सुरू होण्याआधी हा तक्ता सगळ्यांसमोर वाचा. जे झालं ते आणि जे झालं नाही तेही. जमाखर्चाचा ताळेबंद वार्षिक सभेत आपण पैशापैशाचा मांडतो, हिशेबनीस चुकला तर प्रश्न विचारतो. माणसांना दिलेल्या शब्दाचा ताळेबंदही तितक्याच काटेकोरपणे मांडावा. ऑगस्टचं काम राहिलं असेल तर ते का राहिलं यावर पाच मिनिटं बोलावं आणि मग गुडघे टेकावेत. कबुलीची प्रार्थना आपण दर रविवारी म्हणतो, त्या रात्री तिला तपशील मिळेल.

यानं आपल्या शहरांचे प्रश्न सुटतील असं मी म्हणणार नाही. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या अठरा लाखांवर होती आणि कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर, त्यानंतर दोन्ही शहरं वाढतच गेली आहेत. त्यांत आपण मूठभर. रुग्णालयांना डॉक्टर द्यायचे, नळाला पाणी द्यायचं, हे पालिका आणि सरकारचं काम आहे, आणि ते मागण्याचा नागरिक म्हणून आपला हक्क आपण सोडायचा नाही. पण चौदाव्या शतकात ठाण्यातली पंधरा घरंही मूठभरच होती. त्यांनी आधी आपली संख्या मोजली नाही.

तेव्हा पाळकसाहेब, फादर, सिस्टर, महिला मंडळाच्या मावश्या आणि तरुण संघातली मुलं, सगळ्यांना जय ख्रिस्त आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा. येत्या रविवारी तक्ता फिरेल तेव्हा जानेवारी आणि डिसेंबर लगेच भरतील. तुम्ही जुलैपुढे आपलं नाव लिहा.