चिठ्ठीवरचे मलम आणि न विचारलेला प्रश्न



मायांगाच्या बाहेर चामखीळ आली की बाई आधी घाबरते, मग लपवते. डॉक्टरांनी मलम लिहून दिले, तरी ‘ते लावायचे कसे?’ हे विचारायला तिची जीभ रेटत नाही. मला काळजी वाटते ती या न विचारलेल्या प्रश्नाची.

इमिक्विमॉड ५ टक्के हे असे एक मलम. ते आठवड्यातून ३ वेळा, रात्री झोपताना, फक्त बाहेरच्या चामखिळीवर पातळ लावायचे. योनीच्या आत नाही. ६ ते १० तासांनी साबणपाण्याने धुवायचे. उपचार जास्तीत जास्त १६ आठवडे. थोडी लाली, थोडी आग होते. पण कातडी सोलवटली तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. मलम अंगावर असताना संबंध टाळावा. त्याने निरोध कमकुवत होतो. एकीचे औषध दुसरीने लावू नये. चामखिळीवरचे दुसरे औषध, पोडोफायलिन, गरोदरपणी चालत नाही. म्हणून दिवस राहिल्याची शंका असली तरी आधी सांगावे.

या चामखिळी बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांनी होतात. लागण महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे लपून राहते. तेव्हा चामखिळीवरून बाईच्या चारित्र्याचा निवाडा करणाऱ्यांना आपण ठणकावून सांगायला हवे: हा आजार आहे, पुरावा नव्हे.

आणि औषध आपल्या भाषेत समजावून देणे हे डॉक्टरांचे उपकार नाहीत, तो आपला हक्क आहे. एकटीला विचारवत नसेल, तर दोघी मिळून जाऊ.