खेळ रचावा आणि मौन धरावें

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या नातवंडांनीं आमच्यापुढें एक नवीनच खेळ मांडला. त्यांत पट नाहीं, सोंगट्या नाहींत. प्रत्येकानें एक पात्र व्हावयाचें, ‘मी अमुक करतों’ असें सांगावयाचें, आणि निकाल अनिश्चित असेल तेथें फांसे टाकावयाचे. उरलेलें सर्व जग एकजण सांभाळतो; त्यास आपण सूत्रधार म्हणूं. असा खेळ स्वतः रचावा, अशी इच्छा आम्हांस झाली, तशी ती अनेक वाचकांसहि होईल. म्हणून त्या उद्योगांत आम्ही जें शिकलों तें येथें सांगतों.

ह्या खेळाचें मूळ युद्धक्रीडेंत आहे. १८२४ सालीं प्रशियांत राइसविट्झ नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें नकाशावरील युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत निकाल देणारा पंच होता. पुढें १९६९ मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत डेव्हिड वेस्ली यांनीं नेपोलियनच्या काळांतील ‘ब्राउनस्टाइन’ ह्या कल्पित गांवाचा खेळ मांडला. सेनापतींखेरीज नगराध्यक्ष, पेढीवाला, विद्यापीठाचा कुलगुरु अशा भूमिका त्यांनीं इतरांस वांटून दिल्या. खेळाडू आपापसांत कारस्थानें करूं लागले, सूत्रें हातांतून सुटलीं आणि खेळ फसला असें वेस्लींस वाटलें. खेळणारे मात्र ‘पुन्हां केव्हां?’ म्हणून विचारूं लागले! त्याच मंडळींतील डेव्ह आर्नेसन यांनीं गॅरी गायगॅक्स यांच्यासह रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्यें प्रसिद्ध झाला. रचणारास जें अपयश वाटलें, त्यांतच ह्या प्रकाराचें बीज होतें.

आतां रचनेविषयीं. आरंभीं विस्तार टाळावा. एक गांव, एक रात्र, चार पात्रें एवढें पुरे. प्रत्येक पात्रास एक इच्छा व एक गुपित द्यावें. नियम एका पानावर मावावे. फांशांचें गणित मात्र आधीं करावें. दोन फांशांच्या ३६ प्रकारांपैकीं ७ ची बेरीज ६ प्रकारांनीं येते, २ ची केवळ एका. ८ किंवा अधिक हवे असतील तर ३६ पैकीं १५ वेळां यश येतें. कौशल्याबद्दल १ अधिक दिला कीं तेंच २१ वेळां. वीस पैलूंच्या एका फांशावर तोच १ विसांत एकदांच उपयोगी पडतो. लहानशा गुणास मोल यावें असें वाटत असेल, तर दोन फांसे घ्यावे.

आम्हीं पांडवांच्या अज्ञातवासाचा विषय घेतला. विराटनगरींत ओळख न पटूं देतां राहावयाचें, हें ह्या खेळास फारच अनुकूल. नातीची एक बारा वर्षांची मैत्रीण सैरंध्री झाली. राणी सुदेष्णेनें तिला कीचकाच्या घरून सुरा आणावयास सांगितलें. मुलगी म्हणाली, “मी जाणार नाहीं. दुसऱ्या कोणाला पाठवा.” आम्ही चटकन् म्हणालों, “तसें घडलेलें नाहीं, तुला गेलेंच पाहिजे.” तिनें फांसे खालीं ठेवले. “मग आजोबा, तुम्ही गोष्टच सांगा ना!” खेळ तेथेंच संपला.

रात्रीं आम्हीं विराटपर्व उघडलें. तेथें द्रौपदीहि प्रथम नकारच देते. दुसऱ्या दासीस पाठवा म्हणते! जन्मभर संस्कृत शिकविलेल्या आम्हांस जें स्मरलें नाहीं, तें त्या मुलीनें भूमिकेंत शिरून आपण होऊन सांगितलें होतें. ठरलेलें उत्तर ऐकण्याची संवय आम्हांस वर्गानें लावली. त्या संवयीनें किती मुलांनीं असे फांसे खालीं ठेवले असतील, हा विचार त्या रात्रीं आम्हांस सुखानें झोंपूं देईना.

आम्हीं घडावयाच्या घटना पानावरून पुसल्या. कोणास काय हवें आहे आणि ओळख कशानें पटेल, एवढेंच ठेविलें. दुसऱ्या खेपेस कागद मुलांच्या हातीं दिला, सूत्रधारहि त्यांच्यांतलाच केला, आणि आम्ही वही घेऊन झोंपाळ्यावर गप्प बसलों. हीच खरी पारख. मुलें तीन ठिकाणीं अडलीं, आणि तिन्ही ठिकाणीं नियम आमच्या डोक्यांत होता, कागदावर नव्हता. तोंड उघडण्याचा मोह अनावर होता. परंतु आपण समजावून दिलेला खेळ आपल्या पश्चात् कोणी खेळूं शकत नाहीं.

खेळ संपल्यावर ‘आवडला का?’ असें विचारूं नये. मुलें भिडेनें होय म्हणतात. ‘कोठें अडलांत? कंटाळा केव्हां आला? काय करावेंसें वाटलें आणि करतां आलें नाहीं?’ असें विचारावें. एका वेळीं एकच नियम बदलावा, म्हणजे गुण कशानें आला तें कळतें. शेवटीं ज्यांनीं आपणांस कधीं पाहिलें नाहीं अशांच्या हातीं कागद द्यावा.

सैरंध्री ह्या वेळीं गेली नाहीं. तिनें ताप आल्याचें सोंग केलें, फांशांवर ९ पडले, आणि पुढील कथा आम्हांसहि ठाऊक नव्हती. आम्ही झोंपाळा थांबवून ऐकत राहिलों.