संपादकीय : औषध स्वस्त झाले, पोहोचले कोणापर्यंत?



एच.आय.व्ही.ची लागण होण्यापूर्वीच ती रोखणारी गोळी अमेरिकेत १६ जुलै २०१२ रोजी मान्य झाली. ट्रुव्हाडा हे तिचे नाव. या प्रतिबंधक उपचारास येथे 'प्रेप' म्हणतात. नियमाने घेतल्यास लैंगिक संबंधातून होणारी लागण सुमारे ९९ टक्के टळते. परंतु २०१९च्या सुमारास महिन्याच्या गोळ्यांची छापील किंमत दोन हजार डॉलर्सच्या घरात होती. ज्या संशोधनावर हा उपाय उभा राहिला त्यात सरकारी पैसा होता, हे ध्यानी घेतले म्हणजे ही किंमत अधिकच बोचते. सरकारने नोव्हेंबर २०१९मध्ये गिलियड कंपनीवर पेटंटभंगाचा दावा लावला. २०२३मध्ये ज्यूरीने कौल दिला तो कंपनीच्या बाजूने. किंमत उतरली ती २०२०च्या अखेरीपासून इतर कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या बाजारात आल्यामुळे. आज त्या महिन्याला तीस डॉलर्सच्या आसपास मिळू शकतात. हा मार्ग आपल्या परिचयाचाच आहे. २००१ साली मुंबईच्या सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार साडेतीनशे डॉलर्सना देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्या त्यासाठीच दहा हजारांहून अधिक मागत होत्या.

२०२१पासून बहुतेक खाजगी विमा कंपन्यांना हा उपचार विनाशुल्क देणे भाग आहे. जून २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही ते बंधन टिकले. मग प्रश्न सुटला काय? सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार, २०२२ साली प्रेपचा लाभ होऊ शकेल अशा गोऱ्या लोकांपैकी ९४ टक्क्यांना ते लिहून मिळाले. हिस्पॅनिकांपैकी २४ आणि कृष्णवर्णीयांपैकी अवघ्या १३ टक्क्यांना. आणि नव्या निदानांत सर्वांत मोठा वाटा कृष्णवर्णीयांचाच! टेक्सास, जॉर्जिया, फ्लोरिडा या राज्यांनी गरिबांच्या मेडिकेडचा विस्तार नाकारला आहे. ज्याच्याजवळ विमा नाही, त्याला विनाशुल्क विम्याचा काय उपयोग?

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३चा. महाड नगरपालिकेने चवदार तळे १९२४मध्ये खुले केले. प्रत्यक्ष पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब तेथे गेले तेव्हा. कागदावरचा हक्क आणि हातातले पाणी यांतील अंतर आपल्याला कोणी शिकवावयास नको.

आता वर्षातून दोनदाच घ्यावयाचे लेनाकापाविर हे इंजेक्शन जून २०२५मध्ये येथे मान्य झाले. वर्षाची छापील किंमत २८ हजार डॉलर्सहून अधिक. तेच औषध गरीब देशांना वर्षाला सुमारे ४० डॉलर्सना, २०२७पासून, देण्याची घोषणा हैदराबादच्या डॉ. रेड्डीज व हेटेरो यांच्या करारांतून झाली आहे. अमेरिका त्या यादीत अर्थातच नाही.

राहिला आपल्या घरांचा प्रश्न. प्रेप घेणारा म्हणजे स्वैराचारी, हा समज आपल्याकडेही आहे. वस्तुतः ज्याचा जोडीदार एच.आय.व्ही.बाधित आहे असा पती वा पत्नी, समलिंगी तरुण, अशी आपलीच माणसे ते घेतात. तीन-तीन महिन्यांनी रक्त तपासून घेणारा हा मनुष्य बेफिकीर कसा? आपली मुले सव्विसाव्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यावर असतात आणि उपचाराचा तपशील सांगणारे पत्र बहुधा वडिलांच्या नावे घरी येते. त्या एका पत्राच्या धास्तीने मुले डॉक्टरांकडे जात नाहीत. कॅलिफोर्नियात जुलै २०२२पासून अशी संवेदनशील माहिती थेट उपचार घेणाऱ्यालाच कळविण्याचा कायदा आहे. अन्य राज्यांत विमा कंपनीला फोन करून तशी सोय मागता येते. मुलांनी ती मागितली, तर आईवडिलांनी कारण विचारू नये.